खेळून बोलणाऱ्यांची बाजू

व्हिडिओ गेमविषयी कुणी गंभीरपणे बोलू लागलं की चार आक्षेप ठरल्यासारखे पुढे येतात. आमच्या तेर गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी ते चारही अलीकडे तरुण मुलांसमोर एका दमात मांडले. गेम म्हणजे व्यसन, त्यात चांगलं-वाईट निवडण्यासारखं काही नाही, हा पहिला. ज्यात धड जिंकणं नाही की करमणूक नाही, अशा विचित्र गेमना खेळ म्हणताच येत नाही, हा दुसरा. आपल्या माणसांनी कष्टानं एखादा गेम केला तर त्याला नावं ठेवू नयेत, हा तिसरा. आणि 'मला असं वाटलं' एवढ्या भांडवलावर कुणीही केलेली शेरेबाजी म्हणजे समीक्षा नव्हे, हा चौथा.

गुरुजींविषयी मला आदर आहे. गावातल्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखाली शिकल्या. त्यांच्या बोलण्यामागची काळजी खरी आहे, आणि म्हणूनच तिला उत्तर द्यायला हवं. मी इंडी गेम खेळतो, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या पाठबळाशिवाय एकट्यादुकट्यानं किंवा छोट्या गटानं केलेले गेम. त्यातले जे चमत्कारिक म्हणून बाजूला टाकले जातात, ते मला जास्त खेचून घेतात. त्यांच्याविषयी माझी मतं आहेत, काही कौतुकाची, काही कडक. ती मराठीत, इथे राहून, उघडपणे मांडणं हे कामाचं काम आहे असं मी मानतो. म्हणून चारही आक्षेप एकेक करून घेतो.

पहिला आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांनी खेड्यापाड्यांतली घरं कर्जात बुडवली, हे आपल्याला कुणी पुस्तकातून सांगायची गरज नाही. संसदेनं ऑगस्ट २०२५मध्ये कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगच्या विकाराला आजारांच्या वर्गीकरणात जागा दिली आहे. हे सगळं मला मान्य आहे. पण त्याच कायद्यानं आणखी एक गोष्ट केली आहे, जी गुरुजी करायला तयार नाहीत. पैशांचे गेम वेगळे, ई-स्पोर्ट्स वेगळे, बाकीचे गेम वेगळे, असे भाग त्यानं पाडले आहेत. बंदी घालणाऱ्या सरकारला जो फरक दिसतो, तो शिक्षकाला दिसू नये याचं मला वाईट वाटतं.

व्यसन कुठून येतं, हे नीट पाहिलं तर त्याचं मूळ गेमच्या धंद्यात सापडतं. जो मोबाइल गेम फुकट मिळतो, त्याच्या मालकाला पैसे मिळतात ते तुम्ही रोज परत आलात तरच. म्हणून रोजच्या हजेरीचं बक्षीस असतं, मध्यरात्री संपणारी सवलत असते, मित्र पुढे गेल्याची सूचना असते. असा गेम संपू नये हीच त्याच्या रचनेची अट असते. मी ज्या गेमविषयी बोलतो त्यांतले बहुतेक एकदाच विकत घ्यायचे असतात, काही तर पूर्ण फुकट आहेत, आणि ते संपतात. करणाऱ्याला जे सांगायचं ते सांगून झालं की पडदा पडतो. तुम्ही उद्या पुन्हा आलात काय, न आलात काय, त्याला काही मिळायचं नसतं.

जेसन रोहरर या अमेरिकी माणसानं २००७मध्ये 'पॅसेज' नावाचा गेम केला. तो पाच मिनिटांत संपतो. पडद्यावर एक अरुंद पट्टी, तिच्यात एक ठिपक्याठिपक्यांचा माणूस. तो चालतो. वाटेत एक बाई भेटते. तिला सोबत घेतलं तर पुढचा रस्ता दोघांनी चालायचा, पण मग ज्या फटींतून एकटा माणूस निघू शकतो तिथे दोघं मावत नाहीत, आणि तिथल्या खजिन्याच्या पेट्या हुकतात. हळूहळू केस पांढरे होतात, ती जाते, मग तोही जातो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं २०१२मध्ये पहिल्यांदा जे १४ गेम संग्रहात घेतले, त्यांत हा होता. एवढ्या थोड्या जागेत आयुष्य मांडण्याचं त्याचं कसब मला मोठं वाटतं. पण एका गोष्टीवर माझं त्याच्याशी भांडण आहे. ती बाई सगळ्या प्रवासात एकही निर्णय घेत नाही. ती नवऱ्याची वाट अडवते, त्याचे गुण वाढवते आणि मरते. संसाराचं हे चित्र पुरुषाच्या बाजूनंच काढलेलं आहे, आणि त्याची जाण गेममध्ये कुठेही दिसत नाही. पाच मिनिटांच्या गेमवर एवढं बोलता येतं. व्यसनाच्या कोणत्या व्याख्येत हे बसतं, ते मला कुणी समजावून सांगावं.

दुसरा आक्षेप असा की ज्यात मजा नाही, तो खेळच नव्हे. याचं उत्तर आपल्याच घरात आहे. मोक्षपट महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या खेळला गेला. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. पटावरच्या घरांना गुणांची, दोषांची नावं. शिडीनं वर चढायचं, सापानं खाली यायचं, शेवटी मोक्ष. यात खेळणाऱ्याच्या कसबाला काडीचा वाव नाही. कवड्या सांगतील तसं जायचं. जिंकणाऱ्यानं स्वतः काहीच केलेलं नसतं, आणि त्या पटाला नेमकं तेच सांगायचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा पट इंग्लंडमध्ये विकायला आला, तिथे त्याच्यावर तिकडच्या नीतीची चित्रं आली, आणि पुढे तीही गळून नुसते आकडे उरले. आपण आज मुलांना देतो ती सापशिडी ही त्या गळतीनंतरची आहे. कोपनहेगन विद्यापीठात जेकब श्मिट-मॅडसन यांनी या पटावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. ज्या समाजानं विचार सांगण्यासाठी खेळ रचला, त्याच समाजातल्या जाणत्या माणसानं 'मजा नाही तर खेळ नाही' म्हणावं, हे पटणारं नाही.

आता त्या विचित्र गेमपैकी दोन घेतो. 'पेपर्स, प्लीज' हा लुकास पोप यांनी जवळजवळ एकट्यानं केलेला, २०१३चा गेम. अर्स्टोत्झ्का नावाच्या एका काल्पनिक कडक राजवटीत १९८२ साल चालू आहे आणि तुम्ही सीमेवरच्या नाक्यावरचे कारकून आहात. खिडकीशी माणूस येतो, कागद ठेवतो. नाव जुळतं का, तारीख संपली का, शिक्का खरा का, हे बघायचं आणि हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. रोज नवे नियम, रोज एक कागद जास्त. माणशी ठरलेला पगार. दिवसाच्या पहिल्या दोन चुकांना ताकीद, तिसरीपासून दंड. संध्याकाळी घरभाडं, जेवण आणि शेकोटीचा खर्च वजा होतो. पैसे कमी पडले तर घरातलं कुणी आजारी पडतं. एका दिवशी एक नवरा येतो, त्याचे कागद बरोबर असतात. जाताना तो सांगतो, मागे माझी बायको आहे, तिला सोडा. बायको येते आणि तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो.

हा गेम युरोपातल्या, अमेरिकेतल्या खेळणाऱ्यांनी हुकूमशाहीवरचा गेम म्हणून वाचला. मी तो इथला माणूस म्हणून खेळलो आणि मला त्यात तहसील कचेरी दिसली. सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एका वेलांटीनं वेगळं असलं की काय होतं, हे आपल्याकडे ज्याला माहीत नाही असं घर नसेल. खिडकीच्या बाहेर उभं राहायची आपल्याला सवय आहे. हा गेम आपल्याला खिडकीच्या आत बसवतो, आणि दोन-तीन दिवसांतच आपण समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून कागदाकडे बघू लागतो. कारण घड्याळ चालू असतं आणि घरी पोर आजारी असतं. कारकून निष्ठुर का होतो, याची इतकी प्रामाणिक मांडणी मी कुठल्याही लेखात वाचलेली नाही. गेमचा एक भाग मला कच्चा वाटतो. एझिक नावाची गुप्त संघटना मधूनमधून येऊन तुमच्याकडून कामं करून घेते. ती राजवट उलथून नेमकं काय आणणार, हे धूसरच राहतं, आणि त्या धाग्यापायी नाक्यावरच्या साध्या माणसांवरचं लक्ष उडतं. तरीही सत्तेच्या शेवटच्या पायरीवरच्या नोकराविषयी बोलणारा हा श्रेष्ठ गेम आहे, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा गेम २०१६चा, 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर'. रायन आणि एमी ग्रीन या जोडप्याच्या मुलाला, जोएलला, वर्षाचा असतानाच मेंदूचा कर्करोग झाला. २०१४मध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी तो गेला. त्या वर्षांचा हा गेम आई-वडिलांनी सहकाऱ्यांसह केला. त्यात दवाखान्यातली एक रात्र आहे. पोर तहानेनं रडतंय, पाणी पोटात टिकत नाही, बाप खोलीत येरझारा घालतोय. खेळणारा जे काही दाबेल, जिकडे जाईल, त्यानं रडणं थांबत नाही. गेममध्ये बटण दाबलं की काहीतरी घडतं, या सवयीवर आपण सगळे वाढलेलो असतो. इथे ती सवयच काढून घेतली जाते, आणि बापाची असहायता आपल्या बोटांना कळते. सिनेमा हे दाखवू शकतो, पण करून पाहायला लावू शकत नाही. या गेमच्या उत्तरार्धात प्रवचनाचा सूर वाढतो. ग्रीन कुटुंबाच्या श्रद्धेचा मी मान राखतो, पण काही ठिकाणी ती खेळणाऱ्याला त्याचं स्वतःचं दुःख करू देत नाही, हेही नोंदवतो. तरी ती एक रात्र पुरेशी आहे. 'यात मजा काय?' हा प्रश्न त्या खोलीत उभं राहून कुणी विचारणार नाही.

तिसरा आक्षेप आपलेपणाचा आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत जास्त नुकसान करतो. 'राजी: अॅन एन्शंट एपिक' हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केलेला गेम. लोकवर्गणीची त्यांची मोहीम अपेक्षित रक्कम गाठू शकली नाही, तरी त्यांनी तो सोडला नाही. ऑगस्ट २०२०मध्ये तो निन्टेन्डो स्विचवर आला, त्यानंतर इतर यंत्रांवर. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या इंडी गेमच्या गटात त्याला नामांकन मिळालं. पुण्यातली मंडळी तिथवर पोहोचली याचा मला अभिमान आहे. पण अभिमान वाटतो म्हणून परीक्षण सोडून द्यायचं का?

माझं मत असं. 'राजी'मधल्या वास्तू डोळ्यांत भरतात. राजस्थानी वाडे, बाली बेटाकडची शिल्पशैली, पहाडी चित्रांच्या रंगांची आठवण करून देणाऱ्या भिंती, कथा पुढे नेणाऱ्या बाहुल्यांच्या सावल्या, हे सगळं मन लावून केलेलं आहे. भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबलं की देवादिकांच्या गोष्टी ऐकायला मिळतात, त्या थांब्यांवर मी रमलो. पण लढाया थोड्याच वेळात एकसुरी होतात. त्रिशूळ असो की धनुष्य, राक्षसांच्या झुंडी त्याच त्या पद्धतीनं येतात. शेवट तर तुटल्यासारखा आहे. गोष्ट रंगात आली असताना खेळ थांबतो. आणि माझी मोठी तक्रार वेगळीच आहे. राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू हे जत्रेत कसरती करून पोट भरणारे आहेत. आपल्या भागात डोंबाऱ्यांचे खेळ ज्यांनी पाहिले, त्यांना ठाऊक आहे की दोरीवर चालणाऱ्या पोरीला टाळ्या मिळतात आणि खेळ संपल्यावर गावात जागा मिळत नाही. देवांनी निवडलेली मुलगी या समाजातली आहे, ही केवढी मोठी कल्पना! गेम ती कल्पना हातात घेतो आणि तिच्यातून फक्त उड्या आणि कोलांट्या काढून घेतो. तिच्या जगण्याला तो स्पर्श करत नाही. निवेदनाचं काम विष्णू आणि दुर्गा करतात, आणि त्यांच्या संवादात राजीची स्वतःची गोष्ट दबून जाते.

हे बोललो की 'आपल्याच लोकांचे पाय ओढतो' असं ऐकावं लागतं. मला वाटतं, तेरच्या माणसानं तरी असं म्हणू नये. तेरच्या संत गोरोबाकाका कुंभारांची गोष्ट आपल्याकडे लहान पोरांनाही पाठ असते. संतमंडळी जमलेली, मुक्ताबाई म्हणतात यांतली पक्की मडकी कोणती ते पाहा, आणि काका थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारत जातात. नामदेवांवर थापटणं पडलं आणि ते रागावले. काकांनी त्यांना कच्चं ठरवलं. नामदेव काही परके नव्हते, विठ्ठलाचे लाडके होते. तरी काकांनी हात आखडता घेतला नाही, आणि त्या अपमानातूनच पुढे नामदेव विसोबा खेचरांकडे शिष्य म्हणून गेले, असं परंपरा सांगते. आपल्या माणसाच्या कामावर थापटणं मारून पाहणं ही आपुलकी आहे. ज्या 'राजी'चं आपण डोळे झाकून कौतुक करू, त्याच्या पुढच्या भागात त्याच लढाया असतील आणि तसाच शेवट असेल. राज्य सरकारनं २०२५मध्ये अॅनिमेशन आणि गेमच्या उद्योगासाठी धोरण मंजूर केलं आहे. उद्या मराठी मुलं-मुली या धंद्यात उतरतील. त्यांना गुंतवणूक मिळेल, यंत्रं मिळतील. त्यांचा गेम कुठे कच्चा राहिला हे त्यांच्या भाषेत सांगणारं कुणी नसेल, तर ती चांगली कामं करायला शिकतील कशी?

चौथा आक्षेप मतांवरचा आहे. समीक्षेला शास्त्र लागतं, वाचन लागतं, गुरू लागतो, असं गुरुजी म्हणतात. शास्त्राला माझा विरोध नाही. पण शास्त्र येण्याआधी काय असतं, हे पाहायला तेरमध्ये कुठे लांब जायला नको. आपल्या गावच्या सरकारी वस्तुसंग्रहालयाला रामलिंगप्पा लामतुरे यांचं नाव आहे. लामतुरे गावकरी होते, पेशानं पुरातत्त्वज्ञ नव्हते. तेरणेकाठच्या टेकाडांतून, शेतांतून वर येणारे मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या, ज्यांना बाकीचे खापरं म्हणून ठोकरत होते, त्या त्यांनी जपून ठेवल्या. संग्रहालयातल्या हस्तिदंती स्त्रीप्रतिमेची तुलना अभ्यासक इटलीतल्या पाँपेईमध्ये सापडलेल्या प्रतिमेशी करतात. 'हे जपण्यासारखं आहे' हे लामतुऱ्यांचं पहिल्यांदा निव्वळ वैयक्तिक मत होतं. त्यांनी ते मत बाळगलं नसतं, तर पुढच्या विद्वानांना अभ्यासाला पुष्कळ कमी उरलं असतं. नव्या कलेच्या बाबतीत हे असंच होतं. आधी रसिकाची नजर, मग शास्त्र.

विद्वानांचीही मतं चुकतातच, हे तेरच्या इतिहासानं दाखवून दिलं आहे. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं नगर असल्याचं लिहिलं आहे. तिथलं कापड गाड्यांमधून भडोचच्या बंदरावर जाई. हे तगर म्हणजे कोणतं गाव? कुणी देवगिरी म्हटलं, कुणी जुन्नर, कुणी धारूर. अभ्यासक फ्लीट यांनी १९०१मध्ये ते तेर असल्याचं मांडलं आणि मग ते मान्य झालं. चुकलेल्या मतांनीही वाद जिवंत ठेवला आणि बरोबर मतासाठी वाट मोकळी केली.

इंकल या इंग्लंडमधल्या छोट्या संस्थेचा २०१९चा 'हेवन्स व्हॉल्ट' मला याच कारणासाठी प्रिय आहे. आलिया नावाची पुरातत्त्वज्ञ, तिच्यासोबत सिक्स नावाचा यंत्रमानव, आणि विसरल्या गेलेल्या लिपीतले कोरीव लेख. खुणा बघून अर्थाचा अंदाज बांधायचा. अंदाज चुकला तरी गेम लगेच कान धरत नाही. तो चुकीचा अर्थ घेऊनच तुम्ही पुढे जाता, त्यावर इतिहास रचता, आणि नंतर तीच खूण दुसऱ्या दगडावर भेटते तेव्हा सगळं डळमळतं. ज्ञान असंच मिळतं, हे सांगणारा दुसरा गेम माझ्या पाहण्यात नाही. त्याचा दोषही सांगतो. एका जागेवरून दुसरीकडे जाताना आकाशनद्यांमधून नाव हाकण्याचा जो भाग आहे, तो लांबलचक आणि रटाळ आहे. उत्सुकता ताणली जाण्याऐवजी विझते. पण ज्यांच्या शेतात नांगराला नाणी लागतात, त्या तेरच्या पोरांनी हा गेम खेळावा आणि त्यावर लिहावं असं मला फार वाटतं. त्यांना त्यात जे दिसेल ते केंब्रिजच्या समीक्षकाला दिसणार नाही.

जागा बदलली की मत बदलतं, आणि ते बदललेलं मतच मोलाचं असतं. 'गेटिंग ओव्हर इट' हा बेनेट फॉडी यांचा २०१७चा गेम घ्या. लोखंडी काहिलीत कमरेपर्यंत बसलेला एक माणूस, हातात लांब दांड्याचा हातोडा, त्याच्या आधारानं डोंगर चढायचा. हात जरा सटकला की कित्येक तासांची चढाई एका क्षणात जाते आणि तुम्ही पायथ्याशी. पडल्यावर फॉडी यांचा शांत आवाज अपयशाविषयी, चिकाटीविषयी बोलतो. तत्त्वज्ञानाच्या या अभ्यासकानं हाताला जे वजन जाणवून दिलं आहे, त्याला तोड नाही. पण त्या आवाजाशी माझं पटत नाही. गमावण्यात एक शिकवण आहे, असं तो सुचवत राहतो. सप्टेंबर २०२५मध्ये आमच्या जिल्ह्यात भूम-परंड्याकडे पुरानं उभं सोयाबीन तर नेलंच, शेतातली मातीही खरवडून नेली. त्या शेतकऱ्याला पायथ्याशी पडण्यात काही शिकायचं नव्हतं. जो कधीही खेळ बंद करून उठू शकतो, त्यालाच पडण्याचं तत्त्वज्ञान परवडतं. धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाचं हे मत आहे आणि ते मांडायचा त्याला अधिकार आहे. जगभर या गेमवर बोललेल्या लाखो शब्दांत ही बाजू मला सापडली नाही, म्हणून ती इथून यायला हवी.

अमेरिकेतले नामवंत चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी एप्रिल २०१०मध्ये लिहिलं होतं की व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकणार नाहीत. खेळणाऱ्यांनी त्यांच्यावर प्रतिक्रियांचा पाऊस पाडला. जुलैमध्ये त्यांनी पुन्हा लेख लिहिला. मूळ मत त्यांनी सोडलं नाही, पण पुरेसे गेम न खेळता तसं विधान करायला नको होतं, हे मोकळेपणानं मान्य केलं. एवढा मोठा समीक्षक सामान्य खेळणाऱ्यांच्या बोलण्यामुळे थांबून विचार करतो, तर त्या बोलण्याला बडबड म्हणून उडवून लावता येणार नाही.

अर्थात 'मला असं वाटलं' एवढ्यावर थांबणारं मत अर्धवटच असतं, इथे गुरुजींशी मी सहमत आहे. मत देणाऱ्यानं गेम शेवटपर्यंत खेळलेला असावा. त्यात काय घडतं हे त्यानं नीट सांगावं, म्हणजे न खेळलेल्यालाही मुद्दा तपासता येईल. आवडलं तर का आणि नावडलं तर नेमकं कुठे, हे दाखवावं. दुसऱ्यानं खोडून काढलं तर ऐकावं. यूट्यूबवर आरडाओरडा करत गेम खेळून दाखवणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे यातलं फार थोडं असतं. पण त्या गलक्याला उतारा म्हणून जबाबदारीनं बोलणाऱ्यांची संख्या वाढायला हवी. सगळ्यांनाच गप्प बसवलं तर तो गलका तेवढा उरेल.

एक अडचण गुरुजींनी सांगितली नाही, पण ती खरी आहे, म्हणून मीच सांगतो. यातले बहुतेक गेम इंग्रजीत आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला 'हेवन्स व्हॉल्ट'चे संवाद झेपणार नाहीत. म्हणून तर मराठीत लिहिणं आणखी गरजेचं होतं. छोट्या भाषांनी काय करता येतं, याची दोन उदाहरणं माझ्यासमोर आहेत. 'नेव्हर अलोन' हा २०१४चा गेम अलास्कातल्या मूळनिवासी लोकांच्या संस्थेनं पुढाकार घेऊन करवला. निवेदन तिथल्या इन्युपियाक लोकांच्या भाषेत, गोष्ट त्यांच्या कथेकऱ्याची, तीही त्याच्या मुलीच्या परवानगीनं घेतलेली. नुना नावाची मुलगी आणि तिचा कोल्हा, खेळायला बोजड. कोल्हा ऐन वेळी भलतीकडे जातो आणि चिडचिड होते. पण खेळता खेळता गावातल्या वडीलधाऱ्यांच्या मुलाखती उघडत जातात, आणि तो भाग मी कधी विसरणार नाही. दुसरा 'वेंबा', टोरांटोतल्या एका छोट्या गटाचा २०२३चा गेम. कॅनडात गेलेली तमिळ बाई, आईची फाटकी पाककृतींची वही, आणि तमिळपासून दूर जाणारा मुलगा. इडली-पुट्टू करण्याची कोडी फार सोपी आहेत, आणि वर्षं इतक्या भरभर सरतात की मुलाच्या दुराव्याला पुरेसा वेळ मिळत नाही. तरी २०२४मध्ये त्याला पदार्पणाच्या गेमसाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. तमिळ स्वयंपाकघर तिथवर गेलं. मराठी घर, मराठी शेत, मराठी वारी यांच्यावरचा असा गेम मला अजून खेळायला मिळालेला नाही. तो येईल, पण त्याआधी अशा गेमची भूक असलेला, दोष ओळखणारा मराठी खेळणारा तयार व्हावा लागेल. तो मत मांडण्यानंच तयार होतो.

गुरुजी, आपल्याला माझी एक विनंती आहे. 'पेपर्स, प्लीज' जुन्या संगणकावरही चालतो, फोनवरही येतो. आपण तो खेळा. इंग्रजी संवादांसाठी मी शेजारी बसतो. खिडकीशी आलेल्या त्या बाईचं काय करायचं, ते आपण ठरवा. त्यानंतरही आपल्याला वाटलं की यात बोलण्यासारखं काही नाही, तर ते मत मी मान खाली घालून ऐकेन आणि त्याचा प्रतिवादही करीन. आणि वाचकहो, तुमच्या घरातलं कुणी असा एखादा विचित्र गेम खेळत असेल, तर 'किती वेळ खेळतोस' याच्यासोबत 'त्यात काय आहे आणि तुला ते कसं वाटलं' हेही विचारा. उत्तर नीट द्यायला लावा. शक्य असेल तर लिहून काढायला लावा, मराठीत.